आपली लेक आत बसली आहे

११ जानेवारी

पेंडवाला दर वर्षी डायरी देतो आणि दर वर्षी ती रद्दीत जाते. पहिल्या पानावर त्याच्या दुकानाची जाहिरात आणि हसणारी गाय. इतकी वर्षं गाई पाळतेय, अजून एकही हसलेली पाहिली नाही. पण आज काहीतरी लिहून ठेवावंसं वाटलं, कारण दुपारी लेकीचा फोन आला.

"आई, मला वाटाघाटीच्या शिष्टमंडळात घेतलंय."

ती व्यापार खात्यात आहे हे गावाला माहीत होतं, पण तिथं ती नेमकं काय करते ते मलाही धड सांगता यायचं नाही. आता येईल. समुद्रापलीकडच्या देशांशी मोठा करार व्हायचाय. आपल्याला त्यांच्याकडे कापड आणि यंत्रं विकायचीत. त्यांना त्यांची दूध पावडर आणि लोणी आपल्याकडे ओतायचंय, तेही जकात न भरता. हे सगळं ज्या खोलीत ठरणार, त्या खोलीत माझी पोर बसणार.

"टेबलाशी बसून बोलणार तू?"

"नाही गं. मी मागच्या रांगेत. साहेबांना कागद पुरवायचे, आकडे काढून द्यायचे."

"रांग मागची असली तर असू दे. खोलीत आहेस ना?"

ती हसली. थोडंसंच.

हे मोरी गाईची कास धूत होते. त्यांना सांगितलं, तर म्हणाले, "बरं." ह्यांचं हे असंच. गाय व्यायली तरी बरं, दावं तोडून पळाली तरी बरं.

संध्याकाळी केंद्रावर सगळ्यांना सांगितलं. केंद्र म्हणजे एक खोली, एक वजनकाटा, फॅट मोजायचं यंत्र आणि कोपऱ्यात दूध गार करायची टाकी. पण बायकांनी मिळून उभं केलेलं आहे आणि अध्यक्ष मी आहे. कॅन खाली ठेवून सगळ्या ऐकत राहिल्या. कुणीतरी म्हणालं, "म्हणजे आता आपली लेक आत बसलीये." माझी म्हणाली नाही, आपली म्हणाली. मला भरून आलं.

१९ जानेवारी

शेजारचे भाऊजी आले होते. ह्यांचे चुलतभाऊ. आमच्या दोन्ही गोठ्यांची भिंत एकच, त्यांची गाय हंबरली की आमच्याकडच्या ओ देतात. पंचक्रोशीत त्यांच्याइतकं निगुतीनं कुणी गाई सांभाळत नाही.

"वहिनी, मी गोठा मोडावा म्हणतो," ते म्हणाले. "आत्ता गिऱ्हाईक आहे. तिकडं म्हणे एकेकाकडं हजार-हजार गाई. मालकाला स्वतःची गाय ओळखू येत नाही. त्यांच्यापुढं आपण काय टिकणार?"

"भाऊजी, वाटाघाट अजून सुरू व्हायचीये आणि तुम्ही आधीच हात टेकता? आपली लेक आत बसली आहे. ती दुधाला धक्का लागू देईल?"

त्यांनी बराच वेळ टोपीशी चाळा केला. मग म्हणाले, "तू म्हणतेस तर थांबतो."

जाऊबाईंनी संध्याकाळी मला भिंतीवरून हळूच सांगितलं, "बरं झालं बोललीस. गाई विकायच्या म्हटल्यापासून ह्यांना जेवण जात नव्हतं."

२ फेब्रुवारी

फळबागवाल्यांचा पुढारी आला होता. सगळे त्याला कर्णा म्हणतात. कानगोष्ट सांगितली तरी चावडीवर ऐकू येईल असा आवाज. बोलणी सुरू असतील तेव्हा राजधानीत मोर्चा न्यायचा ठरलाय, दूधवाल्यांनी यावं म्हणून आमंत्रण द्यायला आला होता.

मी म्हटलं, "आम्हाला गरज नाही. आमचं माणूस आत आहे."

"ताई, आतल्या माणसाला बाहेरचा आवाज लागतो. रडल्याशिवाय आईसुद्धा पाजत नाही, आणि तुम्ही तर दूधवाले!"

बायका हसल्या. मीही हसले, पण मनातून राग आला. कर्णा गेल्यावर मी सगळ्यांना समजावलं. आपण तिथं जाऊन बोंबा मारल्या तर तिच्या साहेबांपुढं तिची काय शोभा राहील? उद्या म्हणतील, हिनंच आणवली ही माणसं. तिच्या नोकरीवर गदा यायची. एकदोघी म्हणाल्या की जायला हवं, पण हात वर करायची वेळ आली तेव्हा त्यांनीही माझ्याकडे बघून हात वर केला. जायचं नाही असं ठरलं.

इथं खरं लिहायला हरकत नाही. मला लाजही वाटली असती. लेक आत गालिचावर आणि आई बाहेर रस्त्यावर झेंडा घेऊन. ते चित्र काही डोळ्यांपुढं धरवेना.

६ फेब्रुवारी

लेकीचा फोन. आवाज बसल्यासारखा.

"आई, फळवाल्यांचा मोर्चा येतोय म्हणे. तुमचं केंद्र येतंय का?"

"छे गं. तू काळजी करू नकोस. मी सगळ्यांना थोपवलंय. तुला खाली बघायला लागेल असं काही आम्ही करणार नाही."

मला वाटलं फोन कटला.

"आई, तू ये ना. राजधानी बघायला ये. किती वर्षं म्हणतेस."

"आत्ता? कामाच्या दिवसांत?"

"आत्ताच. आणि एकटी नको येऊस. केंद्रातल्या सगळ्यांना आण. बसच करून या."

"वेड लागलंय का तुला? आणि गाईंची धार काय बस ड्रायव्हर काढणार?"

"आई..."

"काय गं?"

"काही नाही. मला काही बोलता येत नाही. बाबांना दे."

ह्यांनी फोन घेतला. बरं म्हणाले. मग बऱ्याच वेळानं, "कोणत्या दिवशी?" मग पुन्हा बरं.

"काय म्हणत होती?" मी विचारलं.

"गाई कशा आहेत विचारत होती."

पोर एकटी पडलीये तिथं. एवढ्या मोठ्या कामाचं दडपण आलं असणार, म्हणून माणसं आठवतात. पुढच्या खेपेला लग्नाचा विषय काढायला हवा. हे काम संपलं की निदान नकार तरी नवीन कारणानं देईल.

१३ फेब्रुवारी

हे पहाटेच निघाले. म्हणे, "बहिणीकडे जाऊन येतो." मी चाटच पडले. नणंदेचं आणि ह्यांचं बांधावरून बिनसलेलं, तिच्या घरी पाऊल टाकलेलं मला आठवत नाही. म्हटलं, म्हातारपणी माणसाला बहीण आठवते, जाऊ दे. चांगला कोट घालून गेले. धारेला जाऊबाई आल्या मदतीला. ठिपकी ह्यांच्याशिवाय पान्हा सोडत नाही, तिनं माझी बादली लाथेनं उडवली.

१५ फेब्रुवारी

काल उशिरा परत आले. आवाज पार गेलेला, घशातून नुसती हवा येते. कोपर सोललंय, कोटाचा खांदा उसवलाय.

"पडलात कुठे?"

बस हलली, असं खुणेनं सांगितलं.

"वन्स कशा आहेत?"

मान हलवली. म्हणजे बऱ्या असाव्यात. एवढ्या लांब जाऊन आले आणि बहिणीकडची एक बातमी सांगता येत नाही. मी गरम पाणी करून दिलं. पाय धुताना बघितलं, तळव्यांना फोड आलेत. वन्सांचं घर तर स्टँडच्या समोरच आहे.

बातम्यांत मोर्चा दाखवला. रस्ताभर फळांचा खच, ट्रॅक्टर आडवे, पोलीस लोकांना मागे रेटताहेत. मधोमध कर्णा, हातात कर्णा. मी म्हटलं, "बघा काय तमाशा. बरं झालं आपलं कुणी नव्हतं त्यात."

हे उठून गोठ्यात गेले.

२७ फेब्रुवारी

बोलणी आता तिकडे, त्यांच्या देशात चालू आहेत. लेकीचा फोन बंद. केंद्रावर रोज विचारतात. मी सांगते, काम चाललंय, तिला त्रास द्यायचा नाही. सगळ्या माना डोलावतात. आज मला स्वतःचाच आवाज कर्ण्यासारखा वाटला.

९ मार्च

करार झाला.

फळं कराराबाहेर ठेवली. बातमी देणारा म्हणाला, बागायतदारांच्या तीव्र भावना लक्षात घेऊन. दूध पावडर, लोणी, चीज, सगळ्यावरची जकात जाणार. थोडी लगेच, उरलेली पुढच्या काही वर्षांत. मग त्यानं पान उलटलं आणि हवामान सांगायला लागला.

मला वाटलं ऐकण्यात चूक झाली. दुसरं चॅनल लावलं. तिथंही तेच. एका फोटोत मागच्या रांगेत लेक दिसली. सगळे टाळ्या वाजवताहेत आणि ही खाली हातातल्या कागदांकडे बघतेय.

१० मार्च

केंद्रावर गेले नसते तर बरं झालं असतं, पण चावी माझ्याकडे. बायका आल्या. दूध ओतलं, वजन बघितलं, रिकामा कॅन उचलून चालत्या झाल्या. एखादी भांडली असती तरी चाललं असतं. जाऊबाई नेहमी माझ्यासाठी थांबतात. आज थांबल्या नाहीत.

ह्यांना म्हटलं, "पोरीनं असं कसं केलं हो?"

"तिनं नाही केलं," एवढंच म्हणाले.

"मग कुणी केलं?"

ह्या माणसाबरोबर राहणं म्हणजे विहिरीत दगड टाकून आवाजाची वाट बघत बसणं.

२८ मार्च

करार लागू व्हायला अजून अवकाश आहे, पण बाजार थोडाच थांबतो! मोठ्या डेअरीनं पलीकडच्या पावडरीचे सौदे आत्ताच करून टाकलेत. आमच्या दुधाचा भाव उतरवला. टँकरवाला सांगत होता, लांबच्या वाटेवरची केंद्रं बंद करणार आहेत. आमची वाट लांबची की जवळची, ते मी विचारलं नाही. तोही बोलला नाही. फक्त जाताना चहाला नको म्हणाला. हा माणूस चहाला कधीच नको म्हणत नाही.

१६ एप्रिल

आज भाऊजींचा गोठा मोडला.

जानेवारीत जो व्यापारी दारात पैसे घेऊन बसला होता, तोच आला. आता निम्म्या दरालाही नाक मुरडत होता. सगळेच विकायला निघालेत, मग तो का नाही मुरडणार? दुभत्या गाई आणि गाभण कालवडी नेल्या. भाकड गाईंकडे बघितलंसुद्धा नाही.

गाई ट्रकवर चढेनात. व्यापाऱ्याची माणसं शेपट्या पिरगाळायला लागली तसे भाऊजी पुढे झाले, "सोडा, मी चढवतो" म्हणाले. प्रत्येकीच्या मानेखाली खाजवत, तिच्याशी बोलत तिला वर नेलं. भाऊजी बोलतील तिकडे त्या गेल्या. त्यांना वाटलं असेल, नवीन चारा दाखवतोय.

ट्रक गेल्यावर मी भिंतीपाशी गेले. म्हटलं, "भाऊजी, मी तुम्हाला थांबवायला नको होतं."

ते म्हणाले, "वहिनी, मला थांबायचंच होतं. तुम्ही नुसतं निमित्त दिलंत." आजवर मला अगं-तुगं करणारा माणूस. त्या 'तुम्ही'नं जे लागलं ते शिव्यांनी लागलं नसतं.

रात्रभर आमच्या गाई त्या भिंतीकडे तोंड करून उभ्या होत्या.

४ मे

लेक आली. कळवलं नव्हतं. गावात शिरताना कुणी तिला ओळख दाखवली नाही, तेव्हा बॅग ओढत मागच्या वाटेनं आली. किती वाळलीये. हे केंद्राकडे गेले होते. मी तिला पाणी दिलं आणि मग मला थांबवेना.

"तू तिथं असून असं झालंच कसं?"

तिनं भांडं रिकामं करून खाली ठेवलं.

"आई, आतलं बाहेर बोलायची बंदी होती. सही केलेली. आता करार झालाय, आता सांगते. तिकडच्यांनी आम्हाला स्पष्ट सांगितलं होतं, फळं आणि दूध, दोन्ही तुम्हाला राखता येणार नाही. एक सोडा. साहेबांचं काही ठरत नव्हतं. ज्या दिवशी मोर्चा आला त्या दिवशी ते खिडकीशी उभे राहून खाली बघत होते. मला विचारलं, 'दूधवाले कुठे आहेत?'"

मी दार लोटून घेतलं.

"मी आकडे दिले त्यांना. किती घरं दुधावर जगतात, किती बायका, सगळं. ते म्हणाले, 'आकडे माझ्याकडेही आहेत. माणसं कुठे आहेत? ज्यांचं जातंय ते रस्त्यावर येतात. हे आले नाहीत, म्हणजे त्यांना चालण्यासारखं असेल.'"

"तू मला बसच करून या म्हणालीस..."

"हो."

"राजधानी बघायला."

"त्याच्याहून जास्त कसं सांगू, आई? फोनवर?"

मी खाली बसले. तीही माझ्याजवळ जमिनीवर बसली.

"एकच दूधवाला आला होता," ती म्हणाली. "फाटकापाशी, फळवाल्यांच्या गर्दीत. पुठ्ठ्यावर हातानं 'दूध' लिहून आणलेलं. पोलिसांनी ढकललं तेव्हा पडला. उठून परत उभा राहिला. मी खिडकीतून बघत होते. आई, बाबा होते ते. त्यांना सांगू नकोस, मी बघितलं म्हणून."

कोटाचा उसवलेला खांदा मीच शिवला होता. तळव्यांच्या फोडांना मीच तेल लावलं होतं.

मग हे आले. त्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि गोठ्यात नेऊन ठिपकीचं वासरू दाखवलं. ती सकाळच्या गाडीनं परत जाईल.

६ मे

केंद्रावर सगळ्यांना बोलावलं. ठरवलं होतं, उभं राहून सांगायचं की लेकीला बोल लावू नका, तिनं बोलावलं होतं, मीच तुम्हाला अडवलं. शब्द न् शब्द जुळवून गेले होते.

मोजक्याच आल्या. मी बोलायला सुरुवात केली तर एक म्हणाली, "अध्यक्षबाई, ते राहू द्या आता. कर्ण्याच्या फळं भरायच्या शेडमध्ये बायका घेताहेत म्हणे. तुमच्या कानावर काही आलंय का? वयाची अट आहे का?"

मग सगळ्या त्यावरच बोलायला लागल्या. उभ्यानं काम असतं की बसून. हातमोजे देतात की आपले न्यायचे. मी म्हटलं, "मला माहीत नाही." आणि बसले. माझी चूक ऐकून घ्यायलाही कुणाला सवड राहिली नव्हती.

३० मे

टँकर बंद. टाकी धुऊन, पुसून, झाकण उघडं ठेवून आले. बंद ठेवली की वास मारते.

१७ जून

परवा आमच्याही गाई गेल्या. ठिपकी, मोरी, सगळ्या. लेकीला कळवलं नाही. हे म्हणाले, आत्ता नको.

धारेच्या वेळेला आपोआप जाग येते. आज डोळे उघडले तर हे शेजारी नव्हते. गोठ्यात खराट्याचा आवाज. जाऊन बघते तर रिकाम्या गव्हाणी झाडताहेत. मी दुसरा खराटा घेतला. निम्मा गोठा झाडून झाल्यावर मला राहवलं नाही.

"एकटेच का गेलात? मला का नाही सांगितलं?"

ह्यांनी विचारलं नाही की कुठे. मला कसं कळलं, तेही नाही.

"तू नको म्हणाली असतीस. आणि तू नको म्हटल्यावर माझा पाय निघाला नसता."

"ओरडलात तिथं?"

"आधी नाही जमलं." खराट्यावर हात टेकून उभे राहिले. "चारचौघांत माणूस ओरडतो. एकट्यानं ओरडायला लाज वाटते. आजूबाजूची माणसं आपल्या फळांसाठी ओरडत होती, मी मधेच दूध म्हणायचो. काहीजण हसले. मग घसा जाईपर्यंत ओरडलो."

लेकीनं सांगू नकोस म्हटलं होतं, पण तोंडातून गेलंच. "ती बघत होती हो. खिडकीतून. तिनं तुम्हाला बघितलं."

"माहीत आहे," हे म्हणाले. "मी हात केला तिला. तिनं पडदा ओढला."

माझ्या हातातला खराटा तसाच राहिला. पडद्याचं तिनं मला सांगितलं नव्हतं.

"काय करणार ती तरी?" हे म्हणाले. "साहेब असतील शेजारी." आणि पुढची गव्हाण झाडायला लागले.

दुपारी ओट्यावर बसलो होतो, तेव्हा लेकीचा फोन आला. मधे ठेवलेला, वाजत राहिला. ह्यांनी माझ्याकडे सरकवला. मी हात पुढे केला नाही. ओठ घट्ट मिटून समोरच्या रस्त्याकडे बघत बसले. हे थोडा वेळ थांबले आणि मग त्यांनीच उचलला.

"हो, बोल," ते म्हणाले. "आई ना? गोठ्यात आहे. धार काढतेय."